'कुणी केले?' हा प्रश्न आधी नको

महोदय,

कंपनीत चांगले वातावरण हवे, असा विषय निघाला की वाढदिवस, सहली आणि भिंतीवर लावायची मूल्यांची यादी यांवरच चर्चा अडकते. हे सगळे जरूर करावे. पण कामाच्या जागेची संस्कृती खरी घडते ती, कुणीतरी वरिष्ठाकडे येऊन 'घोळ झालाय' असे सांगतो, त्यानंतरच्या पाच मिनिटांत.

समजा, पाळी संपायला अर्धा तास आहे आणि सकाळपासून पाडलेली भोके अर्ध्या मिलिमीटरने मोठी पडली आहेत, हे एका कामगाराच्या लक्षात आले. त्याने सुपरवायझरला सांगितले. 'कुणी केले?' असा पहिला प्रश्न आला, तर आजूबाजूची पाच-सहा माणसे तिथल्या तिथे शहाणी होतात आणि पुढच्या वेळी खराब नग गुपचूप चांगल्या मालाखाली जातात. 'माल कुठपर्यंत गेलाय?' असे विचारले, तर किती नग ट्रेमध्ये आहेत, किती पुढच्या विभागात गेले, गाडीत काही चढले का, हे सगळे लगेच कळते. गाडी वेळेत थांबवता येते.

कारण शोधायचे ते नंतर, पण 24 तासांच्या आत. त्या वेळी हजर असलेल्यांनाच घेऊन अर्धा तास बसावे. 'असे का झाले?' हा प्रश्न चार-पाच वेळा खोल नेला की बहुधा साधीच गोष्ट हाती लागते: मशीनवर ड्रॉइंगची जुनी प्रत टांगलेली असते, गेजची, म्हणजे माप तपासायच्या साधनाची, तपासणी राहिलेली असते किंवा पाळी बदलताना निरोप फक्त तोंडी दिलेला असतो. 'माणूस निष्काळजी आहे' या उत्तरावर थांबणे म्हणजे चौकशी अर्धवट सोडणे. त्या जागी दुसरा माणूस उभा केला तरी तेच घडते. बैठकीतून एकच बदल ठरावा आणि तो कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून ठेवावे. ज्याने घोळ सांगितला, त्याला आठवडाभरात 'तुमच्यामुळे हे बदलले' असे कळवावे. नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि तक्रारपेट्या रिकाम्या पडतात त्याही याच कारणाने.

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर अडचण आली की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही, तरच लाइन थांबते. अनेक कंपन्यांनी ती दोरीची पद्धत उचलली, पण धावून येणारा माणूस नेमायचा राहिला. एका सुपरवायझरच्या गळ्यात तीस-चाळीस माणसे बांधली तर तो कितीही भला असो, वेळेवर पोहोचणार कसा?

अशी मोकळीक दिली की सुरुवातीला नोंदलेल्या चुकांचा आकडा वाढतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना 1990च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासताना हेच दिसले: चांगल्या पथकांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे लोक त्याबद्दल उघडपणे बोलत होते. व्यवस्थापन मात्र वाढता आकडा पाहून घाबरते आणि उपक्रमच गुंडाळते. 'शून्य अपघात' साधणाऱ्या विभागाला बक्षीस लावणे तर त्याहून घातक. बक्षीस बुडू नये म्हणून कापलेल्या बोटाला चिंधी बांधून माणूस काम करत राहतो.

मग शिस्तीचे काय, असे कुणी विचारेल. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपल्या चुका गोपनीयपणे नासाकडे कळवतात. दंड करणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची ओळख जात नाही. मात्र गुन्हे आणि अपघात या संरक्षणातून वगळलेले आहेत. कंपनीतही अशी रेघ आधीच लेखी आखावी: अनवधानाने झालेली चूक सांगितल्यास शिक्षा नाही, खोटी नोंद, मुद्दाम काढलेले सुरक्षा-आवरण आणि सहकाऱ्याचा छळ यांना माफी नाही. शेवटची अट सर्वाधिक धंदा आणणाऱ्यालाही लागू हवी. हाताखालच्यांना घालूनपाडून बोलणाऱ्याला बढती मिळाली की बाकीचे त्यातून काय शिकायचे ते शिकतात.

निनावी सर्वेक्षणाबाबतही सावध राहावे. चार जणांच्या विभागात निनावी असे काही नसते. पाचपेक्षा कमी उत्तरे आली तर त्या विभागाचा निकाल वेगळा दाखवूच नये. जे बदलण्याची तयारी नाही, ते विचारूही नये. निकाल महिन्याभरात सगळ्यांपुढे ठेवून दोनच गोष्टी हाती घ्याव्यात.

सुरुवात करायला खर्च लागत नाही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे 'या आठवड्यात काय बिघडले, काय बिघडता बिघडता राहिले?' एवढेच विचारावे. विभागप्रमुखाने स्वतःचे मत सर्वांत शेवटी मांडावे. ते आधी आले की बाकीचे माना डोलावतात. आणि तीन आठवडे लागोपाठ कुणीच काही बोलले नाही, तर सगळे सुरळीत आहे असे मानू नये. उठून कामाच्या जागी जावे आणि तिथे काम चालू असताना शेजारी बसावे.

– मनुष्यबळ व्यवस्थापन क्षेत्रातील एक वाचक