राहुटी फाटत नाही, उसवते

महोदय,

ज्येष्ठात माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामी येते. आमचे शिलाईचे दुकान पालखीच्या वाटेपासून दोन गल्ल्या आत आहे. मुक्कामाच्या दिवसांत माझे मशीन रात्री दहा-अकरापर्यंत थांबत नाही. "माउली, दोन टिपा मारून द्या, आभाळ भरून आलंय," म्हणत कोणीतरी राहुटीचे ओझे दारात टाकते. सव्वीस वर्षे हे काम केल्यावर मी छातीठोकपणे सांगते, राहुटी फाटली असे सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा कापड धडधाकट असते. उसवलेली असते ती शिवण. नव्या राहुट्या उन्हाळ्यात शिवायला पडतात, म्हणून हे पत्र मुद्दाम चैत्रातच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी आलेली एक राहुटी अजून डोळ्यांपुढे आहे. नवीकोरी, जाड सुती कापडाची, पहिल्याच वारीला निघालेली. आढ्यापासून खाली तीन हात सरळ उघडली होती. बरोबर आलेल्या आजी सांगत होत्या, बायकांनी सगळी रात्र डोक्यावर खताच्या गोण्या घेऊन बसून काढली. मी शिवण उलटी करून पाहिली. जोडाला कापड जेमतेम पाव इंच सोडलेले, टीप एकच, कडा मोकळ्या. दोरा सुती, आपण ब्लाऊजला लावतो तसला. नखाने ओढला तसा तुकड्यातुकड्यांनी हातात आला. मोकळ्या कडेचे धागे सुटत गेले होते आणि जिथे दोरा टिकला होता तिथेही टीप कापडातून बाहेर सरकली होती. त्या आजींचे ओले पाय पाहून मला फार वाईट वाटले, कारण हे सगळे टळण्यासारखे होते.

राहुटीला चपटी शिवणच हवी. जीन्सच्या पायाला जी दोन समांतर टिपांची शिवण दिसते, तीच ही. दोन कापडे एकावर एक ठेवताना एकाची कड अर्धा इंच मागे घ्यायची आणि पहिली टीप मारायची. मग लांब राहिलेली कड आखूड कडेवर दुमडून आत घ्यायची, सगळे एका बाजूला पाडायचे, बोटाने दाबत न्यायचे आणि कडेलगत दुसरी टीप. आता ताण एका दोऱ्यावर येत नाही, एकमेकांत अडकलेल्या चार पदरांवर येतो आणि कापडाची एकही कड उघडी राहत नाही. आडवा जोड असेल तर वरचे कापड खालच्यावर यायला हवे, कौलावर कौल चढते तसे. दुमडीचे तोंड वर राहिले की पन्हळ तयार होते आणि पाणी तिथेच साचून आत झिरपते. चांगले चांगले कारागीर इथे चुकतात.

दोरा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओलीत कुजतो, नायलॉनचा उन्हात लवकर कमजोर होतो. जाड कापडाला अठरा नंबरची सुई लावावी. आणि टीप बारीक तितकी पक्की, हा समज कृपा करून सोडावा. दिंडीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक आठवा, पावती भोकांच्या रेषेवरच फाटते. अगदी बारीक टीप कापडाची तीच गत करते. इंचाला आठ टाके पुरतात, म्हणजे एक टाका साधारण तीन मिलिमीटरचा. सुरुवातीला आणि शेवटी मशीन मागेपुढे करून टीप बंद केलीच पाहिजे.

तणाव्याचा, म्हणजे राहुटी ताणून धरणाऱ्या दोराचा, फास जिथे बसतो, त्या कोपऱ्याला आतून कापडाचा दुसरा तुकडा द्यावा. फास नवारीचा, म्हणजे जाड विणलेल्या पट्टीचा, असावा आणि तो चौकोनात शिवून आत फुली मारावी. नुसत्या एका आडव्या टिपेवर वादळाचा झटका बसला की फास मुळासकट निघून हातात येतो.

आता कॉलेजची मुलेही माझ्याकडे येतात. किल्ल्यांवर न्यायला स्वतःच छप्पर शिवायचे म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेले पातळ नायलॉन आणतात. या मुलांचे मला कौतुक आहे. पण एकाने कापड टाचण्यांनी जोडून आणले होते, आणि त्या कापडात टाचणीचे प्रत्येक भोक कायमचे राहते. तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत, सुई अकरा नंबरची घ्यावी आणि आधी चिंधीवर टीप मारून पाहावी, कारण हे कापड फार निसटते. शिवणीची भोके बुजवायला त्याने घरातला डिंक लावला होता, तो दुधावरच्या सायीसारखा सोलून निघाला. सिलिकॉनला फक्त सिलिकॉनच धरते. ट्यूबमधले सिलिकॉन टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर लावावे आणि रात्रभर वाळू द्यावे.

दिंडीचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. राहुटी शिवायला टाकताना कापडाचा दर विचारता तसे शिवण कोणती घालणार, दोरा कोणता, हेही विचारा. चपट्या शिवणीला प्रत्येक जोडामागे थोडे जास्त कापड जाते आणि वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, तेव्हा शिवणाऱ्याला त्याचे पैसेही द्या. ताब्यात घेताना शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून उन्हाकडे धरा. टाक्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर तिथल्या तिथे परत करा.

यंदाही मुक्कामात दुकान उघडे असेल. फक्त राहुटी आणायची तर दुपारच्या उन्हात सुकवून आणा. भिजलेले जाड कापड सुईखाली नीट सरकत नाही, आणि घाईत मारलेली टीप लोणंदपर्यंतही टिकत नाही.

एक शिवणकाम करणारी वाचक, सासवड