२०० च्या रेषेखाली आलेला शेअर : आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "शेअर २०० च्या सरासरीखाली आलाय, आता घ्यायला हरकत नाही ना?" याला नुसतं हो-नाही सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, तूही वाच. यातला निम्मा भाग तुझ्या हिशोबाच्या वहीतलाच आहे.

आधी या सरासरीच्या रेषेचं बघू. गेल्या २०० व्यवहाराच्या दिवसांचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करायची, २०० ने भागायचं. उद्या नवा भाव आत येतो आणि सगळ्यांत जुना बाहेर पडतो. बाजार वर्षातून साधारण २५० दिवस चालतो, म्हणजे ही नऊ-दहा महिन्यांची सरासरी झाली. २०० आठवड्यांची घेतली तर जवळजवळ चार वर्षांची. शेअर महाग की स्वस्त हे बघायला मला आठवड्यांचीच जास्त भरवशाची वाटते, कारण चार वर्षांत कंपनीचे बरे-वाईट दोन्ही दिवस येऊन गेलेले असतात. दिवसांची रेषा एका खराब तिमाहीनेसुद्धा मोडते.

आता मोबाईल हातात घ्या. चार्टवर इंडिकेटर्समध्ये मूव्हिंग अ‍ॅव्हरेज निवडा, लेंग्थ २०० टाका, प्रकार सिंपल ठेवा. मग वर टाइमफ्रेम काय आहे ते नीट बघा. तिथे १५ मिनिटं दिसत असतील तर ती रेषा २०० दिवसांची नाहीच. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, सव्वासहा तास. म्हणजे १५ मिनिटांच्या २५ कँडल (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या कांड्या) रोज पडतात. २०० भागिले २५, आठ दिवस. आठ दिवसांच्या सरासरीला दीर्घकालीन समजून पैसे घालणारे कितीतरी लोक आहेत. तिथे 'वीक' करा आणि पुन्हा बघा.

दुसरी फसगत बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) यांची. आपल्या नाशिकजवळ ओझरला विमानांचा कारखाना असलेल्या एचएएलचंच घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी १० रुपये दर्शनी मूल्याचा शेअर ५ रुपयांच्या दोन शेअरांत वाटला. भाव एका दिवसात निम्मा दिसू लागला, पण कोणाचा रुपयाही बुडाला नव्हता. हातातले शेअर दुप्पट झाले होते. चांगल्या चार्टवर जुने भाव आपोआप निम्मे करून दाखवतात. पण तुम्ही एक्सचेंजच्या साइटवरून भाव उतरवून एक्सेलमध्ये सरासरी काढता, तिथे जुने भाव तसेच राहतात आणि रेषा खोटी उंच दिसते. आधी स्प्लिट-बोनसची तारीख शोधा, तिच्या आधीचे सगळे भाव त्या प्रमाणात भागा, मगच सरासरी काढा. आणखी एक, नव्याने नोंदणी झालेल्या कंपनीला २०० आठवड्यांची रेषाच नसते. एचएएल मार्च २०१८ मध्ये बाजारात आली. तिची ती रेषा २०२२ उजाडल्यावर मिळाली.

रेषा चढती की उतरती हेही बघायचं. आज आत येणारा भाव २०० दिवसांपूर्वीच्या बाहेर पडणाऱ्या भावापेक्षा जास्त असेल तर रेषा वर जाते, कमी असेल तर खाली. बातम्यांशी तिला काही देणंघेणं नाही. निफ्टी जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या वर जाऊन आला होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. ते पडलेले भाव पुढे २०० दिवस हिशोबात राहिले आणि जानेवारी २०२१ मध्ये एकामागून एक बाहेर पडू लागले, तशी रेषा झपाट्याने चढली. चढत्या रेषेच्या थोडा खाली आलेला शेअर आणि महिनोन् महिने उतरणाऱ्या रेषेच्या खाली लोळणारा शेअर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला हात लावण्याआधी फार विचार करा.

नाशिकला गोदावरीला पूर आला की आपण काय बघतो? पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला. त्यावरून पूर केवढा ते कळतं. तो का आला आणि ओसरणार कधी, हे गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडलाय ते ऐकल्याशिवाय कळत नाही. शेअरचंही तसंच समजा. रेषा म्हणजे मारुती. विसर्गाचा आकडा कंपनीच्या हिशोबपत्रकांत सापडतो.

या पत्रकांकडे कसं बघायचं ते एका नमुन्यावर दाखवते. आकडे समजण्यापुरते आहेत. भाव ४२० रुपये. २०० दिवसांची सरासरी ४६५, म्हणजे भाव तिच्या ९.७ टक्के खाली. २०० आठवड्यांची ३९०, म्हणजे तिच्या ७.७ टक्के वर. इथेच एक गोष्ट लक्षात येते : दहा महिन्यांच्या मापाने स्वस्त, चार वर्षांच्या मापाने नाही. पुढे, गेल्या चार तिमाह्यांची प्रतिशेअर कमाई २१ रुपये. ४२० भागिले २१, पीई (भाव कमाईच्या किती पट) २०. या कंपनीचा दहा वर्षांतला मधला पीई २७ असेल तर कोणीही म्हणेल, स्वस्त आहे, उचला.

थांबा. नफा-तोटा पत्रकात 'एक्सेप्शनल आयटम्स' (एकवेळच्या बाबी) आणि 'अदर इन्कम' (धंद्याबाहेरची कमाई) या दोन ओळी उघडा. समजा २१ पैकी ६ रुपये कारखान्याची जुनी जमीन विकून आलेत. जमीन दरवर्षी विकता येत नाही. धंद्याची कमाई १५ रुपये, आणि खरा पीई ४२० भागिले १५, म्हणजे २८. स्वस्ताई तिथेच संपली. उलटं करून बघा : १५ भागिले ४२०, शंभर रुपयांमागे साडेतीन रुपयांच्या आसपास. तुमच्या एफडीच्या व्याजाशी ताडून बघा. कमाई पुढची कित्येक वर्षं चांगली वाढत राहिली तरच या भावाला अर्थ आहे. हे आकडे नेहमी कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून केलेल्या पत्रकातून घ्या. नुसत्या स्टँडअलोनमध्ये उपकंपन्यांचा तोटा आणि कर्ज दिसत नाही.

आई, आता तुझा भाग. कॅश फ्लोच्या पत्रकात 'ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज'मधून आलेली रोकड शोध. पाच वर्षांच्या रोकडीची बेरीज एकीकडे, पाच वर्षांच्या नफ्याची दुसरीकडे. शंभर रुपये नफ्यामागे ऐंशी-नव्वद रुपये खरोखर हातात आले असतील तर बरं. चाळीसच आले असतील तर बाकीचे कुठे अडकले ते विचारायचं, आणि बहुतेक वेळा ते उधारीत अडकलेले असतात. माल गेला, बिल फाडलं, नफा लिहिला गेला. पैसे मात्र आलेच नाहीत. उधारीचे दिवसही काढता येतात : येणं भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. विक्री ७३० कोटी आणि येणं १२० कोटी, तर ६० दिवस. पुढच्या वर्षी विक्री ८०० आणि येणं २४० झालं तर जवळपास ११० दिवस. विक्री वाढल्याचे पेढे वाटण्यासारखं यात काही नाही, गिऱ्हाईक पैसे देईनासं झालंय. भाव रेषेखाली यायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि तो लवकर वर येत नाही.

कर्जाचं मी थोडक्यात सांगते. व्याज आणि कर भरण्याआधीचा नफा व्याजाच्या किमान तीनपट असावा, शक्यतो पाचपट. त्याच नफ्याला भागधारकांचं भांडवल (साठलेल्या नफ्यासह) अधिक कर्ज यांनी भागलं की आरओसीई, म्हणजे धंद्यात गुंतलेल्या पैशावरचा परतावा मिळतो. तो अनेक वर्षं १५ टक्क्यांवर टिकला असेल तर धंद्यात दम आहे. बँकांना ही मापं लावू नका, कारण कर्ज हाच त्यांचा माल. तिथे निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं, तरतूद वजा करून), भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीपुढे बँकेचं स्वतःचं भांडवल किती) आणि पुस्तकी मूल्याच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) किती पट भाव आहे ते बघायचं.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, शेअर गहाण ठेवलेत का, हे शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात) दिसतं. तो तिमाही संपल्यावर २१ दिवसांत जाहीर करावा लागतो. भाव पडला की सावकार गहाणाचे शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो, मग आणखी विक्री. अशा वेळी रेषा काहीच धरून ठेवत नाही. गहाणाचा आकडा मोठा असेल तर मी पुढचं वाचतच नाही.

साखर, पोलाद, सिमेंट यांच्या बाबतीत कमी पीईला भुलू नका. लासलगावला कांदा चढा असलेल्या वर्षाची कमाई धरून कोणी शेताची किंमत ठरवतं का? या धंद्यांत तेजीच्या टोकाला कमाई फुगलेली असते, म्हणून पीई सगळ्यांत कमी तेव्हाच दिसतो. सात-दहा वर्षांची सरासरी कमाई धरा.

तेव्हा क्रम असा ठेवा, बाबा : आधी वही, म्हणजे कंपनीचे हिशोब, मग रेषा. वही स्वच्छ असेल आणि भाव २०० आठवड्यांच्या चढत्या रेषेपाशी किंवा खाली आला असेल, तर ठरवलेल्या रकमेचे चार भाग करा आणि दर तिमाहीच्या निकालानंतर एकेक घाला. निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत येतात, वर्षअखेरचे ६० दिवसांत. निकालात उधारी, कर्ज किंवा गहाण वाढलेलं दिसलं तर उरलेले भाग घालू नका, भाव कितीही खाली असला तरी. एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. आणि दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे इथे अजिबात आणायचे नाहीत. हे मी हात जोडून सांगते.

विकताना कराचं लक्षात असू द्या : वर्षानंतर विकलं तर सव्वा लाखावरच्या नफ्याला १२.५ टक्के, वर्षाच्या आत २० टक्के.

तुम्ही नाव सांगितलेल्या त्या कंपनीचा वार्षिक अहवाल मी ईमेलवर पाठवलाय. आईने पाच वर्षांची रोकड आणि उधारीचे दिवस काढावेत, तुम्ही जमीन-विक्रीसारखी एकवेळची कमाई शोधा. रविवारी फोनवर आकडे ताडून बघू. तोवर दिवसातून दहादा भाव बघू नका, तुमचं बीपी वाढतं. आठवड्याची कँडल शुक्रवारी साडेतीनलाच पूर्ण होते, तेव्हा एकदा बघितलं तरी पुरे.

तुमची,
लेक