मेळावलीची बातमी साष्टीत, वेळसांवची सत्तरीत पोचू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, तुमचा जुना वाचक. आमच्याकडे मराठी पेपर वाचतात, दक्षिणेकडच्या साष्टी तालुक्यात इंग्रजी नाहीतर कोंकणी, नि त्यामुळे होतं काय की आमची भांडणं त्यांना अर्धवट कळतात नि त्यांची आम्हाला. साष्टीशेजारच्या मुरगाव तालुक्यातल्या वेळसांवचे लोक इतकी वर्षं रेल्वेच्या दुसऱ्या ट्रॅकविरुद्ध उभे आहेत, पण आमच्या वाळपईच्या बाजारात कोणालाही विचारा, "ते तिकडचं काय तरी" एवढंच उत्तर मिळतं. मला याचं खूप वाईट वाटतं.

कारण ते तिकडचं नाहीच. तीच लाईन वर घाटात मोलेंच्या रानातून जाते. नोव्हेंबर 2020 मध्ये साष्टीतल्या चांदर गावात हजारो लोक रात्रभर ट्रॅकवर बसले होते, ते स्वतःच्या घरासाठी जेवढे बसले तेवढेच त्या रानासाठी पण बसले होते, नि 9 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं मोलेंतल्या डबल ट्रॅकिंगची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. वकील, विद्यार्थी, गावची माणसं, हिंदू-ख्रिश्चन सगळे त्यात होते. रान शाबूत राहिलं तर पाणी सगळ्यांनाच मिळणार ना.

आता आमची बाजू. जानेवारी 2021 मध्ये शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमिनीचा सर्व्हे करायला पोलीस घेऊन आले तेव्हा बायका पुढे झाल्या, लाठ्या नि अश्रुधूर सोसला. पिढ्यानपिढ्या काजू लावून राखलेली जमीन, पण कागदावर नाव सरकारचं, हेच तर आमच्या तालुक्याचं मुख्य दुखणं. 15 जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवतो असं जाहीर केलं. गाव खंबीर राहिला म्हणून हे झालं, पण गोव्याच्या दुसऱ्या टोकाची माणसं पाठीशी राहिली त्याचा पण वाटा आहे, नि आम्ही ते विसरता कामा नये.

गोव्याला हे नवीन नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून न्यायला लागले तेव्हा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, एक झाले, माथानी साल्ढाणांसारखे लोक पुढे होते, नि हिंदू खारवी काय नि ख्रिश्चन खारवी काय, जाळं सगळ्यांचंच रिकामं येत होतं. त्या लढ्यानंतर 1980 चा सागरी मासेमारी कायदा आला. मुंडकारांचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचं पण तसंच, त्यांना घरातून काढू नये म्हणून 1975 चा कायदा असून मामलेदाराच्या कोर्टात खेपा घालणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसं दिसतात.

आणि अजून एक, धनगर-गवळी समाज. 2003 मध्ये गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, धनगर बाहेर राहिले, ते अजून मागतायत. डोंगरावरचे हे लोक आमचे शेजारी, त्यांच्याकडचं दूध आम्ही पितो, मग ते पणजीला धरणं धरतात तेव्हा आम्ही तिथे का नसतो? साष्टीवाल्यांकडून पाठिंबा मागायचा नि डोंगरावरच्या शेजाऱ्याला एकटं सोडायचं हे बरोबर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दर्जा द्यायचा की नाही ते ठरवणारे ठरवतील, पण त्यांचं म्हणणं ऐकायला तर जाऊया.

तुमच्याकडे मागणं एवढंच. वेळसांवची बातमी आतल्या पानावर चार ओळीत उरकू नका. दोन्हीकडचे लोक एकत्र येतात त्या सभांच्या तारखा आधी छापा, नंतर नुसते फोटो नकोत. साष्टीतल्या कोणा गाववाल्याचं पत्र आलं तर मराठीत करून छापा, आमचं कोंकणी-इंग्रजी पेपरांत जाईल ते आम्ही बघतो. वेळसांवच्या पुढच्या सभेची तारीख आठ दिवस आधी कळली तर वाळपईतून एक बस करायची असं आम्ही काही जणांनी बोलून ठेवलंय, बायकापण यायला तयार आहेत, फक्त रविवार असला तर बरं.

आपला,
एक वाचक, सत्तरी