ती लाल बाटली माझी नव्हती

सिंगापूर
रविवार, 16 फेब्रुवारी 2025

ती. आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की आई स्पीकर लावते, मागे कुकरची शिट्टी होते, आणि बाबा "पुरे आता, बिल वाढेल" म्हणतात. (व्हॉट्सॲपला बिल येत नाही, बाबा. किती वर्षं सांगतेय.) म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहावं. ऑफिस, डबा, ट्रेन यांत सांगण्यासारखं नवीन काही नाही. घरमालकिणीला फोडणीचा वास अजून चालत नाही आणि मी अजून फोडणी करते.

आधी त्या बाटलीचं सांगते, कारण बंड्या म्हणाला की त्याच्या साखरपुड्याच्या जेवणाच्या पंगतीत तोच विषय होता. आत्याने म्हणे व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे लाल भडक काहीतरी भरलेली काचेची बाटली पाहिली, आणि मग "परदेशात एकटी मुलगी" इथून सुरुवात झाली. ती बाटली माझी नव्हती. ती देवाची होती.

हसू नका. गेल्या रविवारी तुमच्याकडे अकराला बंड्याच्या होणाऱ्या बायकोची ओटी भरली, तेव्हा माझ्याकडे साडेबारा वाजले होते. थायलंडमध्ये घड्याळ आपल्यापुढे दीड तास. मी होते सहलीला, रेलेला. क्राबीजवळचा हा किनारा बेट नाही, जमिनीलाच जोडलेला आहे, पण मागे चुनखडीचे असे उभे कडे आहेत की रस्ता जातच नाही. आओ नांगहून होडीनेच जावं लागतं. तिथे नेटवर्क धड येत होतं ते एका हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे, म्हणून मी तिथे जाऊन उभी राहिले. माझ्या मागे एका खांबावर छोटंसं देऊळ होतं. आपल्या तुळशीवृंदावनाएवढ्या उंचीचं, वर उतरतं टोकदार छप्पर, आत दोन मातीच्या बाहुल्या. याला ते "सान फ्रा फूम" म्हणतात. बाबा, यातला "फूम" म्हणजे आपली भूमीच! त्या जागेचा मालक. माणसाने घर बांधलं, हॉटेल बांधलं, म्हणजे त्याची जागा घेतली, तर त्याला स्वतंत्र घर द्यायचं. तेही असं की आपल्या घराची सावली त्याच्यावर पडता कामा नये. कोकणात राखणदाराला देतात ना, त्यातलाच प्रकार.

तर आई तिकडे केतकी रंगाचा शालू कॅमेऱ्यासमोर उलगडून दाखवत होतीस, तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाई आल्या. उदबत्ती लावली, झेंडूची माळ सरळ केली, आणि लाल फँटाची बाटली ठेवली. नारिंगी नाही, लाल, स्ट्रॉबेरीचा. झाकण काढून. वर स्ट्रॉ घालून! मी फोन बंद झाल्यावर त्यांना खुणेने विचारलं, स्ट्रॉ कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुळी. झाकण बंद असेल तर देव पिणार कसा?

आणि लालच का? एक जण म्हणतो देवाला गोड आवडतं. दुसरा म्हणतो पूर्वी रक्ताचा नैवेद्य असे, बळी बंद झाले, रंग राहिला. मला हे दुसरं पटलं. आपण नाही का कोंबड्याऐवजी नारळ फोडतो, कोहळा कापून त्यावर कुंकू टाकतो? आई, तू पुरणपोळीवर तुळशीचं पान ठेवून पाणी फिरवतेस, त्यात आणि यात फरक असला तर एवढाच की यांचा नैवेद्य दुकानात मिळतो. संध्याकाळी परत गेले तेव्हा त्या बाईंचा मुलगा ती बाटली पायरीवर बसून संपवत होता. प्रसादच म्हणायचा. आत्याला हे सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका. आणि हेही सांगा, की बुधवारी माघ पौर्णिमा होती, त्यांचा माखा बुचा हा बौद्ध सण. त्या दिवशी तिकडे दारूविक्रीच बंद होती. आत्या पुण्यात ज्या रस्त्यावर राहते तिथली तीन दुकानं एकादशीलाही उघडी असतात.

आता बाकीच्या शंका.

एकटी नव्हते. ऑफिसातल्या दोघी होत्या, एक तमिळ, एक फिलिपिनो. खोली तिघींत एक. बाबा, त्सुनामीचं तुम्ही विचारलंत. 26 डिसेंबर 2004 ला तिथे आली होती हे खरं आहे, म्हणूनच आता किनाऱ्यावर जागोजागी निळ्या पाट्या आहेत, पाणी आलं तर कुठल्या उंचवट्याकडे पळायचं ते बाणाने दाखवलेलं. पोहता येतं मला. टिळक टँकवर पहाटे साडेपाचला कुडकुडत नेणारे तुम्हीच होतात. लाइफ जॅकेट घातलं होतं. फोटोत दिसत नाही कारण फोटोपुरतं काढलं होतं. पाण्यात जेलीफिश असतात म्हणून किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात, डंख बसला तर ओतायला. (ही बाटलीसुद्धा माझी नव्हती.) काही चावलं नाही. फक्त ओहोटीच्या वेळी रेलेच्या पूर्वेकडच्या बाजूला उतरले, तिथे तिवराचा चिखल आहे, गुडघ्यापर्यंत गेले आणि डावी चप्पल गेली. तुळशीबागेतली होती, जाऊ दे.

काळी पडले हे मात्र काकूने बरोबर टिपलं. सनस्क्रीन लावून पडले. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून प्रवाळाला अपाय करणारी द्रव्यं असलेली क्रीम्स लावायला बंदी आहे, म्हणून माझी नेहमीची ट्यूब सिंगापूरलाच राहिली. तिकडून घेतली ती पांढऱ्या चुन्यासारखी दिसत होती आणि पहिल्याच डुबकीत गेली. मेपर्यंत उतरेल.

सोमवारी माया बे पाहिली. 2018 मध्ये गर्दीने प्रवाळाची इतकी वाट लागली होती की त्यांनी तो किनारा सरळ बंद केला, उघडला तो 2022 च्या जानेवारीत. आता होडी पुढून नेत नाहीत. मागच्या बाजूला तरंगत्या धक्क्यावर उतरायचं, झाडीतून चालत यायचं, आणि पोहायचं नाही. कोणी जरा पुढे गेलं की पहारेकरी शिट्टी मारतो. शिवाय दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर पूर्ण बंद. बाबा, सिंहगड दोन महिने बंद ठेवून बघा म्हणावं पुणेकरांना. भजीवाल्यांआधी आपणच मोर्चा काढू.

पण सगळ्यात मनात राहिलं ते मंगळवारचं. को तुप, को मोर आणि को काय अशी तीन बेटं जवळजवळ आहेत. ("काय" म्हणजे कोंबडी. खडकाला खरंच मान आणि चोच आहे.) भरतीला तिन्ही वेगळी. ओहोटी लागली की मधून वाळू वर येते आणि एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं. आमच्या होडीवाल्याला विचारलं, किती वाजता? त्याने आकाशाकडे बोट केलं. मी आदल्या रात्री आईला फोन करून "उद्या तिथी काय?" विचारलं होतं ते याचसाठी, आणि तुला वाटलं मी उपास करतेय! चतुर्दशी म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी जास्तीत जास्त चढणार आणि जास्तीत जास्त उतरणार. हे मला हर्णैला बाबांनी शिकवलेलं. अष्टमीला भांग (म्हणजे कमी भरती-ओहोटी), पुनवेला उधाण.

होडी म्हणजे लांबुडकी लाकडी, मागे गाडीचं जुनं इंजिन आणि त्याला वावभर लांब दांडा, टोकाला पंखा. आवाज इतका की शेजारचीशी बोलता येत नाही. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रंगीत फडकी आणि हार बांधलेले. होडीची देवता तिथे बसते, म्हणून त्या टोकावर पाय ठेवायचा नाही. मी चढताना नमस्कार केला तर होडीवाला खूश. त्याने परतीचे पैसे मात्र एक बाटही कमी केले नाहीत.

दुपार कलल्यावर पोचलो. आधी नुसताच फिकट हिरवा पट्टा दिसत होता, मग त्यात कमरेएवढी ओळ, मग वाळू. मी मधोमध उभी राहिले. डावीकडून एक लाट येते, उजवीकडून एक येते, अगदी बारक्या, बोटभर उंचीच्या. दोन्ही माझ्या घोट्यापाशी भेटतात, एकमेकींवर चढतात, आणि तिथे पाण्याची चौकटी चौकटीची जाळी होते. पायाखालची वाळू दोन्हीकडून सरकते, म्हणून टाच आणि चवडा दोन्ही एकदमच खचतात. मी बराच वेळ हेच बघत बसले. मग एकदम आठवलं: हर्णैहून सुवर्णदुर्गाला जाताना बाबांनी होडीवाल्याशी दहा रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस केली, तोवर भरती आली, आणि शेवटी गेलोच नाही. बंड्या रडला होता. मी नाही रडले. धाकट्यासमोर रडायचं नाही असं आईने बजावलं होतं.

आता पैशाचं. मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या हप्त्याचे 75 हजार बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत, बँकेत विचारा. सहलीचा खर्च सगळा मिळून 40 हजारांच्या आत झाला, तो लग्नाच्या पैशांतला नाही, दिवाळीच्या बोनसमधला आहे. बाटाला आपले अडीच-पावणेतीन रुपये पडले, तेवढं जड गेलं नाही. मुलीकडच्यांकडून काहीही घ्यायचं नाही हे आपलं ठरलंय. काकांनी "निदान फ्रीज" म्हटलं तरी नाही.

बाणेरच्या मुलाची माहिती वाचली. चांगला असेल. मी काही कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. "मोठी राहिली आणि धाकट्याचं आधी" हे बोलणाऱ्यांना बोलू दे, पण त्यापायी बंड्याच्या लग्नाची तारीख पुढे ढकलू नका.

आणि आई, मी तुला सांगितलं की तिकीट बदलता येत नव्हतं. साखरपुडा आठ दिवसांत ठरला हे खरं. पण तिकीट बदलता येत होतं, वरचे 90 डॉलर मागत होते. ते होते माझ्याकडे. तिची ओटी भरताना अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघणार हे मला दिसत होतं. बंड्याच्या दिवशी माझा विषय नको होता. मग तो त्या बाटलीवरून निघालाच म्हणा.

मेमध्ये 12 दिवसांची रजा मंजूर झाली आहे, हे लेखी आहे, ईमेल आलंय. करवली मीच आहे, चुलत-मावस कुणाला उभं करू नका. तांब्या-दिवा दोन्ही मीच धरणार. बंड्याला सांग की त्याचा फोटो मी ऑफिसच्या टेबलावर लावलाय, आणि शेरवानी जरा पोटावर घट्ट आहे.

बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायचं चुकवू नका. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
चिऊ

ता. क. ब्लाउज शिंपिणीकडे टाकलास तर माप जुनंच चालेल, फक्त दंडाला अर्धा इंच सैल ठेवायला सांग. होडीच्या दोऱ्या ओढून ओढून दंड भरलेत, जाड झाले नाहीत.