बाबांच्या डोळ्याची तारीख

नेरूळ, रविवार सकाळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पावणेबाराला तू गुवाहाटीच्या हॉटेलातून फोन केलास आणि "आई, ड्युटी बदलायचा तिसरा अर्जपण रिजेक्ट झाला" एवढंच बोलून रडायला लागलीस. मला धड काही बोलता आलं नाही. फोन ठेवल्यावर झोपही आली नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे. याचे फोटो काढून पाठवीन. ड्युटी नसेल तेव्हा निवांत वाच.

मला सगळं बरोबर कळलंय का ते आधी बघ. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी, आणि तुझ्या रोस्टरवर बुधवार-गुरुवार दोन दिवसांची पेअरिंग, म्हणजे सलग उड्डाणांची ड्युटी. पहिली मैत्रीण ती घ्यायला तयार होती, पण मग तिची आठवड्याची विश्रांती ४८ तासांच्या खाली जात होती. दुसरा मुलगा स्वतःच नवा आणि त्या फ्लाइटचा कॅप्टनही नुकताच कॅप्टन झालेला. दोन नवखे एका कॉकपिटमध्ये बसवत नाहीत. हे दोन्ही नकार मला पटले. तिसऱ्या वेळी मात्र सगळं जुळत होतं. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, तोच, विमान तेच, दोघंही फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. तरी विनंती दोन दिवस नुसती लटकत राहिली आणि मग नकार आला, कारण न देता.

तुझा राग त्या तिसऱ्या नकाराचा आहे, आणि तो खरा आहे. कंपनीला बदल करायचा असला की ऐनवेळी फोन येतो आणि तू बॅग उचलून निघतेस. तुला एक दिवस हलवायचा असला तर आठ दिवस लोकांच्या हातापाया पडायचं, आणि नाही म्हणणारा कोण तेही कळत नाही.

आमच्या वॉर्डात ड्युटी चार्ट भिंतीवर लावलेला असायचा. सिस्टर इनचार्ज दर महिन्याला पट्टीने रेघा मारून तो करायच्या. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट, ऑफ, सगळ्यांचं सगळ्यांसमोर. कुणाला किती नाईट लागल्या आणि दिवाळीचा ऑफ कुणाला मिळाला ते वॉर्डबॉयसुद्धा सांगू शकायचा. ड्युटी बदलायची तर साधा अर्ज, त्यावर दोघींच्या सह्या आणि मेट्रनची सही. मेट्रन नाही म्हणाल्या तर तोंडावर म्हणायच्या, आणि त्यांच्याशी भांडताही यायचं. मी भांडलेही आहे. तुला फोनच्या पडद्यावर फक्त स्वतःचं रोस्टर दिसतं. दुसऱ्याला काय मिळालं ते माहीत नसलं की माणसाला वाटतं, अन्याय आपल्यावरच चाललाय. कधी तसं असेलही. म्हणून रागात मेसेज टाकू नकोस. दिल्लीला पोचलीस की रोस्टरिंगच्या माणसांना जाऊन भेट, तारीख आणि वेळ सांगून कारण विचार, आणि ते लेखी माग. तो तुझा हक्क आहे.

पण मला झोप लागली नाही ती याच्यामुळे नाही. शेवटी शेवटी तू म्हणालीस, "चौथा एक जण तयार आहे. त्याच्या दोन नाईट मी घेते. पहाटे साडेचारला लँड झाले की तशीच पॅसेंजर म्हणून मुंबईला येते, ऑपरेशनला थांबते, रात्री परत जाते. नियमात बसतंय, आई."

नियमात बसत असेल. नियम तुझी ड्युटी मोजतो. ड्युटी संपल्यावर तू झोपलीस की दिल्लीहून मुंबईला आलीस, डोळ्यांच्या दवाखान्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलीस आणि पुन्हा विमानतळावर पळालीस, हे त्याला दिसत नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. बाबांनाही पुष्कळ वर्षांनी सांगितली. तू तिसरीत होतीस आणि तुझं गॅदरिंग होतं. त्या दिवशी मला मॉर्निंग लागली होती. ती दुसऱ्या सिस्टरने घ्यावी म्हणून तिची आदल्या रात्रीची नाईट मी घेतली. आदल्या दिवसाची माझी इव्हिनिंग होतीच. म्हणजे दुपारी दोनला वॉर्डात शिरले ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत. अर्जावर सह्या होत्या, कुणी अडवलं नाही. महिला मेडिकल वॉर्ड, जमिनीवरही गाद्या घातलेल्या. पहाटे चारच्या सुमारास एका बाईंचं अँटिबायोटिक इंजेक्शन द्यायचं होतं. पावडरची बाटली फोडली, ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि सिरिंजमध्ये ओढलं. प्रोबेशनर मुलगी शेजारी ट्रे धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, हे केसीएल आहे ना?"

हातात पोटॅशियम क्लोराईड होतं. सलाईनमध्ये मिसळून, सावकाश द्यायचं औषध. ते तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. लेबल माझ्या अंगठ्याखाली होतं आणि मी ते वाचलंही होतं, मनू. वाचलं, आणि मला दिसलं डिस्टिल्ड वॉटर. सिरिंज टाकून दिली, नवी घेतली, इंजेक्शन दिलं आणि मग साठ्याच्या खोलीत जाऊन खाली बसले. सकाळी पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना कुणाला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. दोन्ही अँप्युल एकाच ट्रेमध्ये ठेवू नका, एवढं जरी सांगितलं असतं तरी पुढच्या मुलींना उपयोग झाला असता. नोकरीची भीती वाटली. ती गप्प बसण्याची चूक मला अजून टोचते.

तुझ्या गॅदरिंगला मी पहिल्या रांगेत होते. तू फुलपाखरू झाली होतीस म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

तुमच्या नियमांत पहाटे दोन ते सहा हा वेळ शरीराचा सगळ्यात मंद वेळ म्हणून वेगळा धरलाय, हे तूच मला समजावलं होतंस. ते ऐकताना मला ती ट्रे आठवत होती. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली, हे काही कुणी आपणहून दिलं नाही. वैमानिकांच्या संघटना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २०२५च्या जुलैत आणि नोव्हेंबरात, अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. डिसेंबरात एका कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा टीव्हीवर लोक म्हणत होते, वैमानिकांच्या आरामापायी आमचे हाल. मला फार राग आला होता. नियम जानेवारी २०२४मध्येच जाहीर झाले होते, माणसं वाढवायला वेळ होता. आणि तीच झोप आता तू आपण होऊन एका स्वॅपसाठी देऊन टाकणार?

यात माझी चूक आहे, ती कबूल करते. "तू असलीस तर बाबांना बरं वाटेल" असं मी तीनदा म्हटलं. चाळिशीनंतर मी तेच तेच बोलते असं बाबा म्हणतात, आणि या वेळी त्याचा त्रास तुला झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन काय असतं ते मी जाणते. अर्धा तास लागत नाही, संध्याकाळी माणूस घरी. नंतर वेळेवर ड्रॉप घालायचे असतात, ते मी घालणारच आहे. तरी मी तुला बोलावत राहिले, कारण मला तुला बघायचं होतं. २०२५च्या डिसेंबरात २५ तारखेला इथलं नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं तेव्हापासून तर जास्तच. ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेतल्या तळ्याभोवती सकाळी चालायला जाते तिथे बायका विचारतात, "आता काय, लेक रोज घरी?" बेस दिल्लीचा आहे आणि तो बदलून मिळायला नंबर लागावा लागतो, हे मी त्यांना समजावून सांगते. घरी येऊन मात्र विमानाचा आवाज आला की गॅलरीत जाते. तुझं नसतं, ठाऊक असतं.

तर मी सकाळी दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने दोन मिनिटं थांबायला लावलं आणि तारीख बदलून दिली. गुरुवारऐवजी पुढच्या आठवड्यातला सोमवार. तुझे ऑफ रविवार-सोमवार आहेत ना? शनिवारी रात्री दिल्लीला नीट झोप, रविवारी दुपारच्या विमानाने ये. आणि ऐनवेळी तो ऑफ गेलाच तर फोन कर, रडू नकोस. शेजारच्या काकू माझ्याबरोबर येतील. बाबा तर म्हणतात, पट्टी काढल्यावर पहिली तूच दिसायला हवीस असा काही त्यांचा हट्ट नाही. ते असं म्हणाले आणि लगेच, रविवारी बाजारात सुरमई मिळेल का ते विचारू लागले.

त्या चौथ्या मुलाला आजच कळव की नको म्हणून. तुझ्या भरवशावर त्याने काही ठरवलं असेल.

तुझी,
आई