ओपन हाउसच्या रांगेत बोलायच्या नसतात अशा गोष्टी

महोदय,

सहामाहीचे निकाल लागले की ठाण्यातल्या शाळांत ओपन हाउस भरते. एकेका पालकाच्या वाट्याला जेमतेम सात-आठ मिनिटे येतात. मी १६ वर्षे विशेष शिक्षिका, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारी आहे आणि पालकांशी माझे जे काही खटके उडाले, त्यातले बहुतेक याच सात-आठ मिनिटांत.

दोन वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमध्ये पाळीवर काम करणारे एक वडील समोर बसले होते. मुलगा सातवीत, बोलायला चुणचुणीत, पण वाचताना ओळच हरवायचा. मी सवयीने म्हणून गेले, "अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अडणे) तपासणी करून घ्या." ते ताडकन उठले. "माझा मुलगा वेडा नाही, मॅडम. तुम्हालाच शिकवता येत नाही असं सांगा ना!" मागे पंधरा-वीस पालक ऐकत होते. मीही आवाज चढवला. आधी चुकले होते ते मीच. ही गोष्ट चारचौघांत काढायचीच नव्हती.

आठवड्याने शाळा सुटल्यावर ते पत्नीला घेऊन आले. मी मुलाची वही उघडून ठेवली आणि अर्धा तास नुसते ऐकले. तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर 'दिव्यांग' लिहून आले तर गावाकडे मोठ्या मुलीचे लग्न अडेल, ही खरी धास्ती होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता येते, हे मी सांगितलेच, पण उपयोगी पडले ते दुसरेच वाक्य : "हे कागद नातेवाइकांना दाखवायचे नसतात, दहावीला जादा वेळ मिळवायला लागतात." तरी त्यांनी हो म्हणायला वर्ष घेतले.

सगळेच पालक असे नसतात, हेही खरे. रात्री साडेअकराला व्हॉइस नोट पाठवून 'आज डबा का उरला' विचारणारेही आहेत. त्यांना मी आता सकाळी उत्तर देते.

पण निवांत बोलायला वेळ आणायचा कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले. माझ्याकडे दोन शाखांची मिळून ४४ मुले आहेत. व्यवस्थापनाकडे विषय काढला की उत्तर येते, "डायरीत लिहून पाठवा की." डायरीतली लाल शाई कुठल्या आईने शांतपणे वाचली आहे?

वेळापत्रकात आठवड्याला दोन तास पालकभेटीसाठी राखावेत आणि दार लावता येईल अशी एक खोली द्यावी, एवढेच मागणे आहे. सध्या मी पालकांना खेळाच्या सामानाच्या खोलीत भेटते. परवा एक आजी तिथे कॅरम बोर्डाला टेकून रडत होत्या आणि मधेच मुले चेंडू न्यायला येत होती.

– एक विशेष शिक्षिका, ठाणे (पश्चिम)