जाम मशीन घे, अपुरी नको

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

जुन्या शिलाई मशीन दुरुस्त करून विकायच्या, तर नफा ठरतो तो घेताना. जाम झालेली मशीन बिनधास्त घे. भाग हरवलेली मात्र कितीही देखणी असली तरी सोड. लांबट शटलच्या मशीनचं शटल (खालचा धागा नेणारा भाग), त्याची बॉबिन (खालच्या धाग्याची रीळ) किंवा सरकतं झाकण गायब असेल, तर ते शोधण्यातच सगळी कमाई जाते. ‘टाका पडत नाही’ म्हणून विकायला काढलेल्या मशीनची आधी सुई बघ. ती उलटी किंवा भलत्याच मापाची निघते, हे इतक्यांदा घडतं की विकणाऱ्याची कीव येते.

नुसत्या वयाला भाव नाही. सिंगर कंपनीची १५ आणि ६६ ही मॉडेलं लाखोंनी बनली, त्यामुळे शंभर वर्षांची मशीनही दुर्मीळ नसते. १९३३ साली आलेली सिंगरचीच २२१ मात्र अल्युमिनियमची, जेमतेम ५ किलोची. तिला आजही मागणी आहे.

मशीन जाम असते ती बहुधा वाळून चिकट झालेल्या तेलामुळे, नाहीतर शटलमागे गुंडाळल्या गेलेल्या धाग्यामुळे. सुई, फूट (कापड दाबून धरणारा भाग), बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) काढ, चिमट्याने धागे ओढून काढ. मग प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे दोन-दोन थेंब टाकून रात्रभर ठेव. सकाळी चाक किंचित मागे-पुढे हलव. पकड लावून जोर करायचा नाही, ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. चाक फिरू लागलं की लगेच मशीनचं तेल घाल, कारण रॉकेल उडून गेल्यावर सांधे कोरडे घासतात.

सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो. स्पिरिट लावलंस तर तो विरघळेल आणि नक्षी हातात येईल. कापसावर मशीनचं तेल घेऊन पुस, तेही आधी एका कोपऱ्यात. नवा रंग तर देऊच नकोस. जाणकार गिऱ्हाईक मूळ रंगच बघतं.

चाकाचा मधला स्क्रू सैल करूनही बॉबिन भरताना सुई हलतच राहिली, तर आतली तीन कानांची चकती काढ, अर्धा वळसा फिरवून बसव. कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याची वेटोळी पडली, तर दोष वरच्या टेन्शनचा, म्हणजे वरच्या धाग्याच्या ताणाचा: ताण देणाऱ्या चकत्यांमधला तूस काढ आणि फूट वर असतानाच धागा ओव.

मोटर असेल तर जुनी रबरी वायर तडकलेली असतेच. ती बदलल्याशिवाय प्लग लावू नकोस.

विकताना दुहेरी सुती कापडावरचा टाक्याचा नमुना फुटाखाली ठेव. घरगुती मशीनला ‘चामडं शिवणारी’ म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मशीन परत येतात. पाठवताना लोखंडी मशीन लाकडी पेटीतून काढून वेगळी बांध. पेटीतच ठेवलीस तर धक्क्याने ती पेटीही फोडते आणि स्वतःचं चाकही.

तुझी,
आई